पोटात बधिर करायचं औषध सोडलं होतं, आता आईला संडास होत नाहीये, ह्या दोन्हीचा संबंध आहे का?

ताई, प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. तुमच्या आई, वय 58, वजन 60 किलोच्या आसपास, परवा सकाळी दुर्बिणीतून पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं, काल संध्याकाळी घरी सोडलं. ऑपरेशनच्या शेवटी पोटाच्या आत आणि टाक्यांच्या जागी बधिर करायचं औषध दिलं असं भूलवाल्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. गॅस काल सकाळीच गेलाय, जेवण थोडं थोडं जातंय, पण संडास नाही आणि पोट जरा जड वाटतंय. तुमच्या जाऊबाईंना मागच्या वर्षी ह्याच ऑपरेशनला लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करायच्याच एका औषधाची, शिरेतून ड्रिप लावली होती आणि त्यांचं म्हणे दुसऱ्याच दिवशी सगळं सुरळीत. म्हणून तुम्ही विचारताय की त्या औषधानं आईची आतडीच बधिर झाली का, ड्रिप लावली असती तर पोट लवकर चालू झालं असतं का, आणि आता करायचं काय.

मी गेली 24 वर्षं सातारा-कऱ्हाड भागात भूल देते, पाच-सहा हॉस्पिटलं फिरते, आणि पित्ताच्या पिशव्या म्हणजे माझं रोजचं काम, काही आठवड्यात तर दिवसाला तीन-तीन असतात. त्यामुळे ह्यावर जरा सविस्तर लिहिते. आधी तुमची काळजी कमी करते, गॅस गेलाय, उलटी नाही, ताप नाही, पेशंट हिंडतोय, म्हणजे आतडी चालू आहेत. संडास दोन दिवस न होणं हे ह्या ऑपरेशननंतर अगदी नेहमीचं आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, मग चहा-बिस्किट, पेज, मऊ भात, तर बाहेर यायला आत काही साठायला तरी हवं ना.

आता पहिला मुद्दा, आतडी बधिर झाली का. हा प्रश्न मला वॉर्डात खूपदा विचारतात आणि विचारणाऱ्याचं डोकं बरोबरच चाललेलं असतं, की औषध बधिर करणारं, ते पोटात ओतलं, मग आतडी पण झोपणारच. पण तसं होत नाही, उलटच होतं म्हटलं तरी चालेल. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नसांचं जाळं असतं, ते मेंदूला न विचारता आपलं काम करत राहतं. त्याच्यावर बाहेरून दोन लगाम असतात, एक चालना देणारी नस, व्हेगस, आणि दुसरी सिम्पथेटिक नसांची बाजू, ती ब्रेक लावते. पोटात कुठेही चिरलं, ओढलं, दुखलं की ही ब्रेकवाली बाजू जोरात चालू होते. पोटाच्या आतल्या अस्तराकडून दुखण्याचा निरोप मणक्यात जातो आणि तिथून परत आतड्याला आदेश येतो, थांब. बधिर करायचं औषध हा निरोप जाण्याच्या वाटेवर बसतं. म्हणजे ब्रेक ढिला होतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मणक्यात भूल दिलेल्या पेशंटचं पोट उघडल्यावर बघावं. स्पायनलमध्ये आपण तेच बधिर करायचं औषध वापरतो, त्यानं ब्रेकच्या नसा बंद होतात, चालनेची नस मात्र मानेतून खाली येते त्यामुळे ती शाबूत राहते, आणि आतडी काय दिसतात, आक्रसलेली, गुलाबी, आणि त्यातून लाट सरकताना दिसते, गांडूळ सरकतं तशी. सर्जन लोकांना हे आवडतं कारण काम करायला जागा मिळते. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटमध्ये तीच आतडी सुस्त, सैल पडलेली असतात. मी शिकत असताना सरांनी हे मला पहिल्यांदा पडद्यावरून डोकावून बघायला लावलं होतं, तेव्हापासून ‘भुलीच्या औषधानं आतडी बंद पडतात’ असं सरसकट कुणी म्हणालं की मी विचारते, कुठलं भुलीचं औषध. पूर्ण भुलीतले वायू आणि मॉर्फिनच्या घरातली जोरदार वेदनाशामकं आतडं मंद करतात, बधिर करायचं औषध नाही.

जुन्या काळी हे फार मोठं प्रकरण होतं. 1990 च्या आधी आपल्याकडे पित्ताची पिशवी म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर चिरा. दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा जर्मनीत एरिश म्यूहे ह्यांनी 1985 ला केलं आणि भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमतन उदवाडिया ह्यांनी. गावाकडच्या सरकारी हॉस्पिटलात पोचायला मग आणखी बरीच वर्षं गेली, माझ्या रेसिडेन्सीत सुद्धा निम्म्या पिशव्या चिरा देऊनच निघायच्या. पेशंटच्या नाकात रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, तोंडाला पाण्याचा थेंब नाही, आणि रोज राऊंडला एकच प्रश्न, वारं सरलं का. एक म्हातारी आजी मला अजून आठवतात, जनरल वॉर्डात भोवती सगळी पुरुष डॉक्टर मंडळी, त्यांना लाजेनं ‘हो’ म्हणवेना, तीन दिवस त्या मान हलवून नाही म्हणत राहिल्या आणि तीन दिवस उपाशी राहिल्या. शेवटी मावशीनं येऊन सांगितलं, अहो मॅडम, आजींचं सकाळपासून दोनदा झालंय. ह्यावरून मी एक शिकले की हा प्रश्न पेशंटच्या कानाजवळ जाऊन विचारायचा.

त्या काळात छातीच्या पातळीवर पाठीत बारीक नळी घालून, एपिड्युरल म्हणतात ती, सतत बधिर करायचं औषध सोडलं की पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आतडी लवकर चालू होतात हे पक्कं सिद्ध झालं. बधिर करायचं औषध आणि आतडी ह्यांची जोडी तिथून लोकांच्या डोक्यात बसली. पुढे विचार असा आला की पाठीत नळी घालायचा खटाटोप नको, तेच औषध शिरेतून द्यावं किंवा पोटात सोडावं, तोच फायदा मिळेल. तुमच्या जाऊबाईंची ड्रिप ही त्यातलीच.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतडं मुळात फारसं बंद पडतच नाही. मोठं पोटाचं ऑपरेशन झालं की ढोबळमानानं लहान आतडं काही तासांत ते दिवसभरात जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. तिथे आतड्याला हात लागलेला असतो, ते बाजूला सारलेलं असतं, त्याच्या स्नायूंच्या थरात सूज येते आणि ही सूज सगळ्यात जास्त वेळ खाते. पित्ताच्या पिशवीत चार भोकं, आतड्याला सहसा कुणी धरत नाही, फार तर ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, चिकटलेलं असेल तर हलकेच सोडवतात. त्यामुळे बहुतेकांचा गॅस 24 तासांच्या आत जातोच, औषध सोडा नाहीतर नका सोडू. जे आपोआपच लवकर होतंय ते आणखी किती लवकर करणार, हा साधा हिशोब आहे.

मग आम्ही ते औषध सोडतो कशाला. दुखण्यासाठी. ह्या ऑपरेशनचं दुखणं तीन प्रकारचं असतं आणि पेशंट नीट विचारलं तर तिन्ही वेगवेगळी दाखवतात. एक भोकांच्या जागी, चरचरल्यासारखं, खोकलं की जास्त, आणि सगळ्यात जास्त बेंबीपाशी किंवा छातीखालच्या भोकाला, जिथून पिशवी ओढून बाहेर काढली तिथे. दुसरं आत खोलवर, उजव्या बाजूला, नेमकं बोट ठेवता येत नाही असं. आणि तिसरं खांद्यात, हे ऐकून नातेवाईक घाबरतात की ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखतोय. पोट फुगवायला आम्ही कार्बन डायऑक्साईड भरतो, साधारण 12 ते 15 मिलिमीटर दाबानं, त्यानं छातीचा पडदा ताणला जातो, आणि त्या पडद्याची नस निघते मानेतल्या मणक्यातून, जिथून खांद्याच्याही नसा निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय.

टाक्यांच्या जागी दिलेलं औषध पहिल्या प्रकारावर चांगलं चालतं, ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही आणि जगभरच्या गाईडलाईन्सही हेच सांगतात, पॅरासिटामॉल, एखादं सूज कमी करणारं वेदनाशामक, आणि टाक्यांत बधिर करायचं औषध, हा पाया. पण ते द्यायची पण पद्धत आहे. नुसतं चामडीखाली फुगा आणून उपयोग नाही. माझे एक सर्जन मित्र आहेत ते दुर्बिणीतून आतून बघत बघत बाहेरून सुई घालतात, सुईचं टोक पोटाच्या अस्तराला आतून बारीकसं उचलताना दिसलं की तिथे थांबून औषध सोडतात, अस्तर फुग्यासारखं वर येतं, मग सुई मागे ओढत स्नायूत, मग चामडीखाली. एका भोकाला अर्धा मिनिट लागतं. त्यांच्या पेशंटला रिकव्हरीत मी बघते, उठून बसायला सांगितलं की हातानं पोट दाबून न धरता उठतात. घाईत चामडीत दोन-दोन मिली टोचून मोकळं झालेल्यांचे पेशंट कण्हत असतात. औषध तेच, बाटली तीच.

पोटाच्या आत सोडलेल्याचं प्रकरण मात्र जरा पातळ आहे. डोकं खाली करून टेबल तिरकं करतात, औषध लिव्हरच्या वर छातीच्या पडद्याखाली आणि पिशवीच्या जागेवर पसरू देतात. 2014 साली कॉक्रेननं, म्हणजे जगभरच्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं, ह्यावरच्या बऱ्याच ट्रायल एकत्र करून बघितल्या, तर पहिल्या 4 ते 8 तासांत दुखणं 10 पैकी साधारण 1 गुणानं कमी झालं, आणि ट्रायलचा दर्जाही फार भरवशाचा नव्हता. म्हणजे 5 चं 4. पेशंटला ते जाणवतं का, काहींना जाणवतं. खांद्याच्या दुखण्यासाठी मला स्वतःला औषधापेक्षा जास्त विश्वास दुसऱ्या दोन गोष्टींवर आहे, गॅसचा दाब कमी ठेवणं आणि शेवटी पोटातला गॅस पूर्ण काढणं. मी शेवटी हातानं बॅग दाबून फुफ्फुसं दोन-चारदा पूर्ण फुगवते आणि त्या वेळी सर्जनला पोर्टची, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीची, झडप उघडी ठेवायला सांगते, फुस्स करून उरलेला गॅस निघतो. फुकटचा उपाय आहे आणि घाईत सगळ्यात आधी हाच राहून जातो.

आतड्यांना ह्याचा फायदा वळसा घेऊन मिळतो. दुखणं कमी म्हणून ट्रामाडॉल, फेन्टानिल, मॉर्फिन ह्या जातीची औषधं कमी लागतात, आणि ही औषधं आतड्याच्या भिंतीवर जाऊन बसतात आणि त्याची पुढे ढकलायची हालचाल मंद करतात. दुखणं कमी म्हणून पेशंट संध्याकाळीच उठून बाथरूमला जातो. मळमळ कमी म्हणून दोन घास खातो. ह्या सगळ्याची बेरीज म्हणजे पोट लवकर चालू होणं. एक मात्र, ब्यूपिवॅकेन, म्हणजे आपल्याकडे सेन्सॉर्केन किंवा ॲनाविन नावानं मिळतं ते, टोचल्यावर साधारण 4 ते 8 तास चालतं. परवा सकाळी दिलेलं औषध परवा रात्रीच संपलंय. आज आईच्या पोटात जे काही होतंय त्याचा त्याच्याशी संबंध लावू नका.

आता ड्रिप. लिग्नोकेन शिरेतून देणं काही नवीन नाही, हृदयाचे ठोके बिघडले की आम्ही ते वर्षानुवर्षं देत आलोय. ऑपरेशनसाठी सुरुवातीला दर किलोला 1 ते 1.5 मिलिग्रॅम हळूहळू दहा मिनिटांत आणि मग तासाला दर किलोला 1.5 पर्यंत, पंपावर. त्यानं सूज वाढवणाऱ्या पेशींवर परिणाम होतो, मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात, आतडी लवकर हलतात असं बऱ्याच छोट्या ट्रायलमध्ये दिसलं, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी कॉन्फरन्सला गेलं की सगळीकडे हाच विषय असायचा. मीही तेव्हा उत्साहानं लावायचे. मग 2018 ला कॉक्रेननं 68 ट्रायल एकत्र केल्या आणि निष्कर्ष निघाला की दुखणं असो की आतडी, खात्रीनं फायदा आहे असं म्हणता येत नाही. आणि अलीकडे ब्रिटनमध्ये दुर्बिणीतून मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या जवळपास 600 पेशंटवर अलेग्रो नावाची ट्रायल झाली, निम्म्यांना लिग्नोकेन, निम्म्यांना साधं सलाईन, आणि तीन दिवसांनी आतडी चालू झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, 57 टक्के आणि 59 टक्के. जिथे आतड्याचाच तुकडा काढलाय, जिथे फायदा दिसायला सगळ्यात जास्त वाव होता, तिथेही दिसला नाही. मग चार भोकांच्या पित्ताशयात आतड्यांसाठी म्हणून ड्रिप लावण्यात मला आता अर्थ वाटत नाही आणि मी लावणं बंद केलंय. मॉर्फिनच्या जातीची औषधं द्यायचीच नाहीत असा एखादा पेशंट असेल, श्वासाचा त्रास, खूप लठ्ठपणा, तर विचार करते, पण तो वेगळा विषय. तुमच्या जाऊबाईंचं पोट लवकर चालू झालं ते ड्रिप नसती तरी झालं असतं अशी दाट शक्यता आहे. माणसामाणसात एक-दीड दिवसाचा फरक असाच असतो, आणि जाऊबाई तिशीतल्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं सांगते कारण ‘दोन्ही का नाही दिलं, जास्त फायदा झाला असता’ असं खाली कुणीतरी लिहिणारच. साधारण आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, एका छोट्या हॉस्पिटलात, बाई 42 किलोच्या, बारीक चणीच्या. मी लिग्नोकेनची ड्रिप लावलेली होती. ऑपरेशन संपत आलं, मी चार्ट भरत होते, पडद्याच्या पलीकडे सर्जननं नेहमीच्या सवयीनं 0.5 टक्क्याचं ब्यूपिवॅकेन 20 मिली, अर्धं टाक्यांत आणि अर्धं आत, सोडलं. म्हणजे 100 मिलिग्रॅम. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. 42 किलोला नुसत्या ब्यूपिवॅकेनचीच हद्द साधारण तेवढ्यावर संपते, दर किलोला 2, फार तर 2.5 मिलिग्रॅम, आणि वर माझं लिग्नोकेन. ही औषधं एकमेकांत मिसळली की हद्दी वेगवेगळ्या राहत नाहीत, बेरीज होते. जागं झाल्यावर रिकव्हरीत बाई म्हणाल्या, मॅडम तोंडात लोखंडासारखं लागतंय. मग म्हणाल्या कानात शिट्टी वाजतेय, ओठ जड झालेत. आणि मी बघत असताना त्यांच्या गालाचा स्नायू उडायला लागला.

ड्रिप बंद केली, ऑक्सिजन लावला, झटके येऊ नयेत म्हणून मिडॅझोलाम दिलं, मॉनिटरवर डोळे लावून बसले. ह्यात पुढची पायरी म्हणजे फिट आणि मग हृदयाचे ठोके बिघडणं, त्यावर 20 टक्क्याचं लिपिड इमल्शन, म्हणजे दुधासारखं दिसणारं चरबीचं सलाईन, शिरेतून द्यावं लागतं, दर किलोला 1.5 मिली पटकन. ते त्या हॉस्पिटलात नव्हतं. माणूस दुकानात पळवला, बाटली अर्ध्या तासानं आली. सुदैवानं तोवर बाईंचं उडणं थांबलं होतं आणि ठोके ठीक होते, दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. पण तो अर्धा तास माझ्या अंगावर आला तो आला. तेव्हापासून लिपिडची बाटली माझ्या स्वतःच्या बॅगेत असते, एक्स्पायरी बघून दर वर्षी बदलते. आणि ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी भिंतीवरच्या पाटीवर पेशंटचं वजन आणि ‘सगळं मिळून इतके मिली’ असा आकडा खडूनं लिहिते. तुमच्या आईसारख्या 60 किलोला 2 च्या हिशोबानं 120 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 टक्क्याचं असेल तर 48 मिली आणि 0.5 टक्क्याचं असेल तर फक्त 24. सिरिंजमध्ये दोन्ही पाण्यासारखंच दिसतं, म्हणून मी नेहमी 0.25 च करून देते, 20 टाक्यांना आणि 20 आत, 100 मिलिग्रॅममध्ये सगळं बसतं. आणि ड्रिप चालू असेल तर ब्लॉक, म्हणजे नसेपाशी टोचून तेवढा भाग बधिर करणं, किंवा पोटात औषध त्याच वेळी नाही. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी 2021 ला ह्यावर एकत्र बसून नियम केले त्यातही हेच आहे, ड्रिप आणि दुसरं बधिर करायचं औषध ह्यांच्यात 4 तासांचं अंतर, 40 किलोच्या खाली ड्रिप नाही. त्यामुळे ताई, आईंना पोटात औषध सोडायचं ठरलेलं असताना वर ड्रिप लावली नाही हे तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं.

आता मला खरा संशय कशाचा येतोय ते सांगते. तुम्ही घरी दिलेल्या गोळ्यांची यादी टाकली आहे, त्यात पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून तीनदा, आणि ऑन्डान्सेट्रॉन दिवसातून दोनदा आहे. ट्रामाडॉल आतडं मंद करतं हे वर आलंच. ऑन्डान्सेट्रॉन उलटीवर उत्तम औषध आहे पण ते मलावरोध करतं, हे नातेवाईकांना कुणी सांगत नाही आणि आपल्याकडे ते डिस्चार्जच्या कागदावर सवयीनं लिहिलं जातं, मळमळ असो वा नसो. आईला मळमळ नाही असं तुम्हीच म्हणताय. मग सर्जनना फोन करून दोनच गोष्टी विचारा, ऑन्डान्सेट्रॉन बंद करू का, आणि ट्रामाडॉलच्या गोळीऐवजी नुसतं पॅरासिटामॉल देऊ का. आईंचं दुखणं आता 10 पैकी 2-3 आहे असं लिहिलंय, त्याला ट्रामाडॉल लागत नाही. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर डॉक्टर दोन दिवस दुसरं वेदनाशामक जोडून देतील. स्वतःच्या मनानं बदलू नका, पण विचारायला संकोचही करू नका.

आईंची एरवीची सवय कशी आहे तेही बघा, ज्यांना एरवीच दिवसाआड होते त्यांना दोन दिवस म्हणजे काहीच नाही.

पाणी भरपूर, कोमट प्यायलं तरी चालेल. घरातल्या घरात दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं चालवा, नुसतं पलंगावर बसवून ठेवू नका, आमच्याकडे लेकी-सुना प्रेमानं आईला उठूच देत नाहीत आणि तिथेच गाडी अडते. आज रात्री झोपताना इसबगोल एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यातून, वर आणखी पाणी, कमी पाण्यात दिलं तर ते उलट आतच घट्ट बसतं. उद्यापर्यंत नाही झालं तर सर्जनना विचारून लॅक्टुलोज, म्हणजे संडास मऊ करणारं पातळ औषध, किंवा मागून ठेवायची सपोझिटरी. एरंडेल देऊ नका, शेजारच्या काकू सांगतील तरी, आता पोटात जोरात कळा यायला नकोत. आणि कुंथायचं नाही, बेंबीच्या टाक्यावर ताण येतो. संडासात बसताना पायाखाली छोटा पाट ठेवला, गुडघे जरा वर आले, की कमी जोरात काम होतं.

आणि एवढ्या गोष्टी दिसल्या तर संडासाची वाट बघत बसायचं नाही, त्याच वेळी हॉस्पिटल. पोट कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय आणि तट्ट होतंय, आधी गेलेला गॅस परत बंद झालाय, उलट्या चालू झाल्यात, ताप आलाय, नाडी 100 च्या वर राहतेय, डोळे पिवळे दिसतायत किंवा लघवी चहासारखी झालीये, किंवा दुखणं रोज थोडं कमी होण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलंय. पित्त गळत असेल किंवा नळीत खडा राहिला असेल तर सुरुवात अशीच होते, आणि पुष्कळदा नातेवाईक ‘पोट साफ नाही म्हणून दुखतंय’ समजून दोन दिवस घालवतात. ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा असायला हवा. एखादा दिवस उलटा गेला तर फोन करा, रात्री असला तरी.

जेवणाचं विचारलंय, तर नुसत्या पेजेवर ठेवू नका, त्यात चोथा काहीच नाही. आज संध्याकाळी मऊ ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून किंवा मुगाच्या वरणात, दुधी किंवा दोडक्याची कमी तेलाची भाजी, एक पिकलेली पपईची फोड. तेल-तूप काही दिवस बेतानं, पिशवी काढल्यावर काहींना तेलकट खाल्लं की पातळ संडास होते, तेव्हा हळूहळू वाढवा. चहा चालेल, आईंना चहाशिवाय सकाळी होत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, मग उद्या सकाळी नेहमीसारखा द्या आणि चहा झाल्यावर पंधरा मिनिटांनी, कळ नसली तरी, शांतपणे जाऊन बसू द्या. खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. उद्या संध्याकाळी काय झालं ते इथेच लिहा, मी बघते.